शहर तेच, फासे नवे

सायबरपंक म्हणजे पाऊस, निऑनचे बोर्ड आणि लोखंडी हात, एवढंच नाही. टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये हे शहर एका रूलबुकातून उचलून दुसऱ्यात ठेवायचं म्हटलं, की काय काय फुटतं? आमच्या शनिवारच्या टोळीचा हा सहीसही वृत्तांत.

मे महिन्याच्या सुट्टीत ‘व्यापार’ खेळला असाल, तर एक गोष्ट नक्की आठवेल. प्रत्येक घरचे रूल्स वेगळे! मामाकडे दंडाचे पैसे बोर्डाच्या मधोमध साठायचे आणि एका ठरावीक घरात येईल त्याची चांदी. आत्याकडे दंड थेट बँकेत. बोर्ड तोच, नोटा त्याच, मुंबई-दिल्ली-कलकत्ता तेच. तरी मामाकडचा खेळ रात्री बारा वाजले तरी संपायचा नाही, आणि आत्याकडे तासाभरात दोघं-तिघं दिवाळखोर होऊन आमरस खायला मोकळे.

आता बोर्डाच्या जागी एक अख्खं शहर ठेवा. भविष्यातलं. सतत भुरभुरणारा पाऊस, ढगात घुसलेले टॉवर, वर कंपन्यांचे मालक आणि खाली बाकी सगळे. सरकार नावापुरतं, कंपन्यांच्या मात्र स्वतःच्या फौजा. डोळे, हात, मेंदूतली चिप, सगळं बाजारात विकत मिळतं. रिडली स्कॉटचा ‘ब्लेड रनर’ आला १९८२ मध्ये, विल्यम गिब्सनची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी १९८४ मध्ये. या दोघांनी हे शहर जगाच्या डोक्यात पक्कं बसवलं. आणि १९८८ पासून लोक ते टेबलाभोवती बसून, हातात फासे घेऊन खेळतायत.

कसं खेळतात? स्क्रीन नाही, कन्सोल नाही. चार-पाच मित्र. त्यातला एक गेम मास्टर, म्हणजे जीएम. तो शहर चालवतो, पोलीस चालवतो, चहावाला आणि व्हिलनही तोच. बाकीच्यांकडे एकेक कॅरेक्टर. ‘मी कुंपणावरून उडी मारतो’ असं म्हणायचं, आणि उडी जमली की तंगडं मोडलं ते फाशांनी ठरवायचं. शहर, माणसं, इतिहास ही झाली सेटिंग. फासे किती, टाकायचे कसे, गोळी लागली तर काय, हात बसवला तर काय, हा झाला हिशोब, म्हणजे सिस्टीम. पुस्तक घेताना दोन्ही एकाच पुठ्ठ्यात मिळतात. पण शहर आवडतं आणि हिशोबाने डोकं उठतं, असं फार वेळा होतं. मग लोक काय करतात? शहर ठेवतात, हिशोब बदलतात. आम्हीही तेच केलं. वाटलं होतं तेवढं सोपं नव्हतं.

नऊ सेकंदांची गोळीबाराची रात्र

आम्ही पाच जण. दोघं आयटीत, एक आर्किटेक्ट, एक मैत्रीण बँकेत आणि जीएमच्या खुर्चीत मी. शनिवारी रात्री नऊ, माझा फ्लॅट, सोबत भेळ आणि थम्स अप. खेळ ‘शॅडोरन’.

शॅडोरन ही शिकागोच्या फासा कॉर्पोरेशनने १९८९ मध्ये काढलेली अजब भेळ आहे (कंपनीचं नावच फासा, मराठी माणसाने यावर हसून घ्यावं). २०५० सालचं सिअ‍ॅटल. कंपन्या आहेत, हॅकर आहेत, लोखंडी हात आहेत, आणि जगात जादूही परत आली आहे. त्यामुळे रस्त्यावर एल्फ, ऑर्क, ट्रोल, आणि कंपनीच्या चेअरमनच्या खुर्चीत चक्क ड्रॅगन. खुद्द गिब्सनला हे कडबोळं अजिबात पसंत नव्हतं आणि त्याने तसं बोलूनही दाखवलंय. आमच्या टोळीला मात्र नेमकं तेच आवडलं.

हिशोब असा, की सहा बाजूंचे फासे मूठभर टाकायचे आणि पाच किंवा सहा पडलेले मोजायचे. मूठभर म्हणजे शब्दशः. आम्ही खेळायचो ती २०१३ ची पाचवी आवृत्ती. आमच्या टेस्टिंगवाल्या मित्राचा ऑर्क बंदूक उचलायचा तेव्हा पंधरा-सोळा फासे खळ्ळकन टेबलावर यायचे. मग समोरच्याचे बचावाचे फासे. मग चिलखताचे फासे. मग वजाबाकी. एकदा एका गोदामातला गोळीबार दोन तास चालला. त्यातला एकेक राउंड तीन सेकंदांचा आणि राउंड झाले तीन. म्हणजे गोष्टीतली नऊ सेकंदं खेळायला आम्हाला दोन तास लागले!

तोवर हे सगळं मजेत चाललं होतं. मग २०२३ मध्ये बँकेतल्या मैत्रिणीची सिंगापूरला बदली झाली. आता ती लॅपटॉपच्या खिडकीतून खेळायला बसणार. इथले रात्रीचे नऊ म्हणजे तिथले साडेअकरा. आमचा खेळ इथे दोनला संपला तर तिच्याकडे पहाटेचे साडेचार. पहिले तीन शनिवार तिने निभावले. चौथ्या शनिवारी ऑर्कचे चिलखताचे फासे मोजून होईपर्यंत ती कीबोर्डवर डोकं ठेवून झोपली होती. खिडकीत फक्त केस दिसत होते.

‘‘अरे, मला काढा यातून,’’ दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज. ‘‘मी तुमचा खेळ लांबवतेय.’’

तिचं कॅरेक्टर म्हणजे टोळीची जादूगार. तिला काढायचं म्हणजे टोळीच मोडायची. तेव्हा काढायचंच असेल, तर रूलबुक काढूया, असं ठरलं.

एक्सेल, दुसरं काय!

ऑफिसवाले लोक आम्ही. पहिलं काम काय केलं असेल? एक्सेल शीट! उभ्या रांगेत शॅडोरनच्या बंदुका, मंत्र, इम्प्लांट. आडव्या रांगेत नवी सिस्टीम. नवी म्हणजे कोणती, तर सगळ्यांना येणारी: डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती. वीस बाजूंचा एकच फासा, त्यात एक आकडा मिळवा, काम फत्ते. तीन आठवडे शीट भरली. व्हीलुकअपसुद्धा लावला. सगळं कसं चकाचक दिसत होतं.

पहिल्याच रात्री दोन गोष्टी लक्षात आल्या.

एक म्हणजे गोळ्या. डी अँड डीमध्ये प्रत्येकाला हिट पॉइंट असतात आणि ते लेव्हलबरोबर वाढतात. तलवार आणि ड्रॅगनच्या जगात ते शोभतं, नायक वार झेलत झेलत लढतो. पण हिशोब करून बघा. दहाव्या लेव्हलचा, बऱ्यापैकी दणकट फायटर घेतला तर त्याचे साधारण ८४ हिट पॉइंट होतात. जीएमसाठीच्या पुस्तकात आधुनिक पिस्तूल दिलंय, त्याचं नुकसान सहा बाजूंचे दोन फासे, म्हणजे सरासरी ७. नुसते फासे धरले तर हा गृहस्थ पडायला १२ गोळ्या लागतात. आणि रात्रभर नीट झोपला, की सकाळी पुन्हा ८४! सायबरपंकच्या अंधाऱ्या गल्लीत कोणी पिस्तूल रोखलं की पोटात गोळा यायला हवा. आमचा ऑर्क पिस्तूलवाल्याकडे बघून जांभई देत होता.

यातलं काही नवीन नव्हतं म्हणा. २००० साली डी अँड डीची तिसरी आवृत्ती आली, तिच्याबरोबर इतर प्रकाशकांना तोच हिशोब वापरू देणारं लायसन्स आलं, आणि जो तो आपलं जग त्याच साच्यात ओतायला लागला. तेव्हापासून लोक याच भिंतीवर डोकं आपटतायत. आम्हीही आपटून घेतलं.

दुसरी गोष्ट जास्त लागली. ती हाताची.

हाताचं बिल

शॅडोरनमध्ये प्रत्येक माणसाला ‘इसेन्स’ असतो. पूर्ण सहा. माणूसपणाचा साठा म्हणा हवं तर. शरीरात धातू बसवला की तो कमी होतो आणि शून्यावर आला की खेळ खलास. लोखंडी हात बसवला, एक गेला. नसांमध्ये तारा टाकून विजेसारखं चपळ व्हायचंय? पहिल्या दर्जाला दोन जातात, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला पाच. सहातले पाच! आणि जादूगाराचं तर दुहेरी मरण, कारण इसेन्स घटला की जादूही घटते.

जुन्या हिशोबात आमच्या जादूगार मैत्रिणीचा हात एका स्फोटात गेला होता. नवा बसवायचा की नाही यावर ती अख्खी एक रात्र विचार करत बसली. फासे कोणी टाकलेच नाहीत. ऑर्क सांगत होता बसव, हॅकर सांगत होता नको. शेवटी ती म्हणाली, ‘‘थोटी राहीन, पण जादू नाही देणार.’’ टेबलावर कोणी काही बोललं नाही. आमच्या सगळ्या शनिवारांतली ती बेस्ट रात्र.

मग नव्या हिशोबात आलो. माझ्या एक्सेलमध्ये लोखंडी हात होता, किंमत अमुक इतके पैसे, ताकद वाढणार अमुक. इसेन्सच्या कॉलमसमोर मी ‘लागू नाही’ लिहिलं होतं, कारण डी अँड डीत तसलं काही नाहीच. सिंगापूरहून आवाज आला, ‘‘म्हणजे फुकट आहे? मग बसवते ना!’’ हात बसवला. पुढच्या कामाच्या पैशातून दोन डोळे बसवले. त्यानंतर कोपरात सुऱ्या. तिची काही चूक नव्हती. रूल्स नाही म्हणत नव्हते. पण तीन शनिवारांत आमची थोटी, हट्टी जादूगार शॉपिंगला निघालेली सुपरहिरो होऊन बसली.

‘संगीत सौभद्र’मधली पदं काढून टाका. सुभद्रेचं हरण होतंच, अर्जुन संन्यासी होतोच, गोष्ट जशीच्या तशी. पण थिएटरमध्ये कोण थांबेल? आम्ही सिअ‍ॅटल नेलं, ड्रॅगन नेला, बंदुका नेल्या, आणि पदं मागे विसरलो.

सायबरपंकच्या खेळांत ही पदं म्हणजे बिल. धातू शरीरात आला की कोणीतरी, काहीतरी चुकतं करायचं. गंमत अशी, की हे बिल कोणत्या नाण्यात फाडायचं यावर प्रत्येक डिझायनरचं उत्तर वेगळं आहे. आणि त्या उत्तरावरून त्याला कशाची भीती वाटते ते कळतं.

माइक पाँडस्मिथ घ्या. या प्रकारातला बापमाणूस. त्याच्या आर. टॅलसोरियन गेम्सने १९८८ मध्ये ‘सायबरपंक’ काढला, १९९० मध्ये ‘सायबरपंक २०२०’, आणि याच जगावरून २०२० च्या डिसेंबरमध्ये ‘सायबरपंक २०७७’ हा व्हिडिओ गेम आला. तुमच्यापैकी अनेकांनी तो खेळलाही असेल. पाँडस्मिथच्या हिशोबात दहा बाजूंचा एक फासा, त्यात अंगची क्षमता आणि शिकलेलं कसब मिळवायचं. क्षमतांपैकी एक आहे ‘एम्पथी’, म्हणजे दुसऱ्याचं मन कळणं. इम्प्लांट बसवताना फासे टाकायचे आणि तेवढी माणुसकी वजा करायची. दहा गेली की एम्पथी एकाने उतरते. शून्यावर आली की तुम्ही सायबरसायको, आणि तुमचं कॅरेक्टर-शीट जीएम काढून घेतो! तुम्ही इतके महिने वाढवलेला माणूस आता त्याच्या ताब्यात, तुमच्याच मित्रांवर गोळ्या झाडणारा. आणि गोळ्यांचं म्हणाल तर तिथे ८४ बिट्या नाहीत. हाता-पायाला एका फटक्यात आठपेक्षा जास्त नुकसान झालं तर तो अवयव गेला. डोक्याला झालं तर माणूसच गेला. तिथे जांभया कोणी देत नाही.

‘गर्प्स’ हा टेक्सासच्या स्टीव्ह जॅक्सन गेम्सचा १९८६ चा हिशोब याच्या बरोबर उलट टोकाला. सगळ्या जगांना एकच मोजपट्टी. ताकद, अक्कल, श्रीमंत बाप, लोखंडी हात, सगळं एकाच पॉइंटांच्या बजेटमधून विकत घ्यायचं. एकदम फेअर, सीएला आवडेल असं. पण मला विचाराल तर इथे हात म्हणजे एक पर्क होऊन बसतो. पॉइंट भरले, पावती मिळाली, मनाला काही टोचत नाही.

गर्प्सचा विषय निघालाच आहे तर हा किस्सा सांगायलाच हवा. १ मार्च १९९० ला अमेरिकन सीक्रेट सर्व्हिसने या कंपनीच्या ऑस्टिनमधल्या ऑफिसवर धाड टाकली! त्यांना एका टेलिफोन कंपनीच्या चोरीला गेलेल्या दस्तऐवजाचा माग काढायचा होता, आणि त्या जाळ्यात ‘गर्प्स सायबरपंक’चा लेखक लॉइड ब्लँकेनशिप सापडला होता. कॉम्प्युटर जप्त झाले, त्यांच्यात छापायला जायच्या बेतात असलेलं पुस्तकही गेलं. जुने ड्राफ्ट जमवून ते पुन्हा उभं करावं लागलं, लोकांना कामावरून कमी करावं लागलं. पुस्तक त्याच वर्षी आलं, आणि हे सीक्रेट सर्व्हिसने जप्त केलेलं पुस्तक आहे बरं का, हे कव्हरवर मिरवत आलं. कंपनीने केस ठोकली आणि १९९३ मध्ये जिंकलीसुद्धा. ५० हजार डॉलर भरपाई, वकिलांचा खर्च वेगळा. डिजिटल हक्कांसाठी भांडणारी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था १९९० मध्ये उभी राहिली, त्यामागे ही धाडही होती. फाशांच्या पुस्तकाने सरकारला कोर्टात नेलं, आणखी काय हवं?

असो. हाताकडे वळू.

पिझ्झा आणायला कोण जातं?

हाताएवढंच जुनं दुखणं म्हणजे हॅकर. टोळी गोदामाच्या दारात उभी, आणि हॅकर घरी बसून नेटमध्ये. त्याचं वेगळं जग, वेगळे नकाशे, वेगळे फासे. तो आणि जीएम तासभर खेळतात आणि बाकीचे पिझ्झा आणायला जातात. हा जोक जगभरच्या टेबलांवर सांगितला जातो. आमच्याकडे पिझ्झ्याच्या जागी कोपऱ्यावरची बुर्जीपाव, एवढाच फरक.

हे सोडवताना दोन्ही मोठ्या खेळांनी काय केलं बघा. त्यांनी नुसते रूल्स बदलले नाहीत, शहराचा इतिहासच बदलला! शॅडोरनच्या २००५ च्या चौथ्या आवृत्तीत गोष्टीतल्या २०६४ साली जगाचं नेटवर्क कोसळलं आणि त्याच्या जागी सगळं वायरलेस आलं. आता हॅकरला टोळीबरोबर चालत जावंच लागतं, कुलूप हॅक करायचं तर कुलपाजवळ उभं राहा. पाँडस्मिथच्या जगात रेची बार्टमॉस नावाच्या हॅकरने जुनं नेट उद्ध्वस्त केलं. ‘सायबरपंक रेड’ हा २०२० मध्ये आलेला खेळ त्यानंतरच्या, २०४५ सालच्या शहरात घडतो. इथे नेटरनरला जोडणीच्या ठिकाणापासून सहा मीटरच्या आत असावं लागतं, आणि इमारतीचं नेट म्हणजे लिफ्टने एकेक मजला उतरावं तसं. बाकीचे गोळ्या झाडतायत तेव्हाच हाही आपली चाल खेळतो. बुर्जीपाव बंद!

मला हे भारी वाटतं. आपण समजतो सेटिंग म्हणजे पवित्र, रूल्स म्हणजे कपडे, कधीही बदलावेत. इथे कपडे बसत नव्हते म्हणून देहच बारीक केला. अर्थात दर वेळी जमतंच असं नाही. टॅलसोरियनने २००५ मध्ये आपलं शहर ‘फ्युजन’ नावाच्या दुसऱ्या हिशोबात नेलं होतं, सोबत शहराचाही पार कायापालट केला होता. चाहत्यांनी तोंडं वाकडी केली. पुढे ‘रेड’ची गोष्ट ठरवताना पाँडस्मिथनेच ती आवृत्ती बाजूला ठेवली.

ठिगळं

आमच्याकडे मग ठिगळं लावणं सुरू झालं. जादूगाराने धातू बसवला की तिचा सगळ्यात मोठ्या मंत्रांचा रोजचा कोटा एकाने कायमचा कमी. इतरांना झोपून उठल्यावर परत मिळणारे हिट पॉइंट कमी. हे बऱ्यापैकी चाललं. सिंगापूरवालीने डोळे काढून ठेवले, सुऱ्या काढून ठेवल्या, फक्त हात ठेवला. पण गोळ्या तशाच. म्हणून हिट पॉइंट निम्मे केले, तर डी अँड डीची लेव्हल चढण्याची सगळी मजाच गेली. एकीकडे ठिगळ लावावं तर दुसरीकडे उसवायचं.

नंतर कळलं की एका माणसाने हेच कोडं झकास सोडवलंय. केव्हिन क्रॉफर्ड. त्याचं ‘सिटीज विदाउट नंबर’ हे पुस्तक २०२३ चं. पाया जुन्या डी अँड डीचा, हिट पॉइंटवाला. पण प्रत्येक हत्याराला एक वेगळा ‘ट्रॉमा’ फासा. तो ठरावीक आकड्यावर गेला, बहुतेक वेळा सहावर, की नुकसान दुप्पट-तिप्पट. त्यामुळे हिट पॉइंट कितीही असोत, कुठलीही गोळी शेवटची असू शकते. आणि हाताचं बिल? शरीर सोसू शकेल असा ताणाचा एक कोटा असतो. धातू त्यातली जागा कायमची अडवून बसतो, आणि पटकन बरं करणारी औषधंही त्याच कोट्यातून जातात. म्हणजे अंगात लोखंड जितकं जास्त, तितकं मरताना वाचवणं कठीण. आत्मा, माणुसकी वगैरे काही न बोलता बिल बरोबर फाडलं! याची एक आवृत्ती फुकट उपलब्ध आहे, मूळ पुस्तक नको असेल तरी ती वाचाच.

मधल्या काळात आम्ही बाकीचीही दुकानं फिरलो. ‘सॅव्हेज वर्ल्ड्स’ वेगवान आहे. तीन जखमा सोसायच्या, चौथीला आडवं. ‘फेट’मध्ये ‘उधारीचा हात’ असं कॅरेक्टर-शीटवर लिहून टाकायचं. तो हात गोत्यात आणेल तेव्हा एक पॉइंट मिळतो, तारेल तेव्हा एक खर्च होतो. ‘इंटरफेस झीरो’ नावाचं एक सायबरपंक जग तर या दोन्ही हिशोबांत आलंय, दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तर मी म्हणतोय ते एका संध्याकाळी कळेल. आणि ‘साय बोर्ग’ या २०२२ च्या स्वीडिश पुस्तकात तर शून्य नंबरचा नियमच असा आहे, की तुमच्या कॅरेक्टरला कंपन्यांबद्दल, पोलिसांबद्दल, भांडवलशाहीबद्दल प्रेम असून चालणार नाही. कुठलाही फासा टाकण्याआधीच हे ठरलेलं. आमच्यातल्या आर्किटेक्टने ते वाचून विचारलं, ‘‘आणि सोमवारी सकाळी काय करायचं?’’

बॉण्ड भरलेला हात

शेवटी थांबलो ते ‘द स्प्रॉल’वर. हॅमिश कॅमेरॉनचं २०१६ चं पुस्तक. हिशोब व्हिन्सेंट बेकरच्या २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’वरून आलेला. सहा बाजूंचे फक्त दोन फासे. दहा किंवा जास्त, काम झालं. सहा किंवा कमी, जीएमची चांदी. सात ते नऊ म्हणजे ‘हो, पण…’. दार उघडलं, पण अलार्म वाजला. गोळी लागली, पण तुझी काडतुसं संपली. सगळा सायबरपंक या ‘पण’मध्ये आहे असं माझं मत झालंय.

बंदुकांचा कॅटलॉग जवळपास नाहीच. मोहिमेआधी फिरून तयारी केली की ‘सामान’ आणि ‘माहिती’ शिल्लक मिळते, ऐनवेळी ती खर्चून म्हणायचं, ‘हो तर, दोरी मी आणलीच होती!’ आमचं दोन-दोन तासांचं प्लॅनिंग पंधरा मिनिटांवर आलं. सुरुवातीला प्रत्येकाने एकेक कंपनी रचायची, हे तर धमाल. मी सांगितली ती लोकांचे नोटीस पीरियड विकत घेणारी कंपनी. कोणालाही समजावून सांगावी लागली नाही.

आणि हात! स्प्रॉलमध्ये प्रत्येकाच्या अंगात काही ना काही धातू असतोच, सुटका नाही. प्रश्न एवढाच, की तो आला कुठून? स्वतःच्या पैशाने घेतला असेल तर माल हलका, कधी दगा देईल सांगता येत नाही. कंपनीने दिला असेल तर उत्तम दर्जाचा, पण मालकी कंपनीची. नाहीतर कोणीतरी मागावर आहेच.

सिंगापूरच्या खिडकीत बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, ‘‘कंपनीचा.’’

‘‘म्हणजे बॉण्ड भरून दिल्यासारखं,’’ टेस्टिंगवाला म्हणाला. त्याने पहिल्या नोकरीत दोन वर्षांचा बॉण्ड भरला होता, आईच्या सोन्यावर कर्ज काढून तोडला होता. टेबलावरचं हसणं जरा उशिरा आलं.

स्प्रॉलच्या मूळ पुस्तकात जादू नाही. ती आम्ही घरी रचली. मंत्र टाकायचे तेच दोन फासे. सात ते नऊ पडले तर मंत्र लागतो, पण हात काही वेळ मालकाचं ऐकतो. इसेन्सचे सहा आकडे गेले, तरी जादू आणि धातू यांचं भांडण राहिलं. माझ्या मते हे भाषांतर एक्सेलपेक्षा जास्त इमानदार आहे, जरी त्यातला एकही आकडा मूळ पुस्तकाशी जुळत नसला तरी.

सगळं कमावलं असं मात्र नाही. ऑर्कवाल्या मित्राला दोन फासे पुरत नाहीत. तो अजूनही जुने सोळा फासे एका स्टीलच्या वाटीत घालून आणतो आणि गोळीबार सुरू झाला की वाटी नुसतीच खुळखुळवतो. चिलखताच्या वजाबाकीत त्याला खरंच मजा यायची, कोणत्या काडतुसाने कोणतं जॅकेट फाटतं हे त्याला पाठ होतं. त्याची ती विद्या आमच्या टेबलावर बेकार झाली. मधूनमधून तो विचारतो, ‘‘महिन्यातून एक शनिवार जुनं खेळायचं का?’’ अजून कोणी हो म्हटलेलं नाही. मला वाटतं, म्हणायला हवं.

तुम्हाला हे घरी करून बघायचं असेल, तर बंदुकांच्या यादीपासून सुरुवात करू नका, आमचे तीन आठवडे गेले. जुन्या खेळातली एखादी रात्र आठवा, जेव्हा टेबलावर सगळे गप्प झाले होते. ती कोणत्या रूलमुळे घडली ते शोधा. नवीन पुस्तकात त्या रूलची जागा कोण घेतंय? कोणीच नसेल तर आधी तेवढंच रचा, बाकी पिस्तुलं वगैरे खेळता खेळता ठरतात. घरच्या टेबलासाठी कोणाची परवानगी लागत नाही. छापून विकायचं असेल तर मात्र लायसन्स वाचा. शहरांची आणि पात्रांची नावं मालकीची असतात. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीच्या मूळ रूल्सवरून जानेवारी २०२३ मध्ये मोठा गदारोळ झाला, त्यानंतर ते क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले, म्हणून त्यावर बांधणं आता सोपं आहे.

आमचा खेळ हल्ली साडेअकराला आटोपतो. सिंगापूरमध्ये तेव्हा दोन वाजलेले असतात आणि ती जागी असते. स्प्रॉलमध्ये प्रत्येक कंपनीचं एक घड्याळ असतं. १२, १५, १८, २१, २२, २३ आणि मग शून्य. तुम्ही त्यांना त्रास दिलात की काटा पुढे सरकतो, शून्यावर पोचला की ते सगळ्या ताकदीनिशी तुमच्या दारात. हाताच्या मालक कंपनीचा काटा सध्या २१ वर आहे. या शनिवारी तो २२ वर जाईल आणि एक अगदी नम्र ईमेल येईल, कंपनीची मालमत्ता अमुक तारखेपर्यंत परत करावी असं सांगणारा. तिला मी हे सांगितलेलं नाही. हा अंक सिंगापुरात तिच्या हाती पडेल, तोवर शनिवार होऊन गेलेला असेल.